दार, कुत्रा आणि हिशेबाची वही

चर्चच्या उत्तरेकडच्या दाराला बोट लावून पाहिल्याशिवाय इंग्लंडमधल्या ब्लाइथबर्गहून सहसा कोणी परत फिरत नाही. दार जुन्या ओक लाकडाचे आहे. वयाने लाकूड पांढुरके पडले आहे आणि त्यावर काळे, करपल्यासारखे डाग आहेत. काही डाग लांबट, समईच्या ज्योतीसारखे, वर निमुळते आणि खाली फुगीर. बोट फिरवले की खळगा लागतो. ‘सैतानाच्या बोटांचे ठसे’ हे त्यांचे गावातले नाव. गोष्ट अशी सांगतात, की ४ ऑगस्ट १५७७ रोजी रविवारची उपासना चालू असताना एक काळा कुत्रा आत शिरला, त्याने माणसे मारली आणि बाहेर पडताना या दारावर पंजे उमटवून गेला. त्या कुत्र्याला पुढे ‘ब्लॅक शक’ असे नाव पडले. २०२७ साली त्या रविवारला साडेचारशे वर्षे पुरी होतील.

कुत्रा म्हटल्यावर ज्याला दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री आठवतात, त्या मराठी वाचकाला हा कुत्रा जरा परका वाटेल. पण संस्था पाहू गेले तर परकी नाही. जुने देऊळ, मोठे शिखर, आटत चाललेले गाव, देखभालीला पैसा नाही, आणि प्रत्येक पडझडीमागे एक आख्यायिका. हे आपल्याला नवे नाही. मराठी ख्रिस्ती मंडळी चर्चला ‘देऊळ’च म्हणतात. या लेखातही मी तोच शब्द वापरतो.

संस्थेचा इतिहास म्हटला की पहिल्या पानावर संस्थापकांचे छायाचित्र, स्थापनेची तारीख आणि आद्य विश्वस्तांची नावे लागतात. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, सफोक परगण्यातल्या या ‘होली ट्रिनिटी’ देवळाच्या बाबतीत पहिल्या पानापासूनच पंचाईत होते. गावाचे नावसुद्धा लिहितात एक आणि उच्चारतात एक. स्थानिक माणसाच्या तोंडून ते साधारण ‘ब्लायब्रा’ असे ऐकू येते. सातव्या शतकाच्या मध्यात, ६५४ च्या आसपास, पूर्व अँगल्सचा राजा ॲना (हा पुरुष, नावावर जाऊ नये) मर्सियाच्या पेंडा राजाशी लढताना पडला. लढाई नदीपलीकडे बुलकॅम्पला झाली असे परंपरा सांगते. त्याच्याबरोबर मुलगा जर्मिनही गेला आणि दोघांना ब्लाइथबर्गलाच पुरले, असे ईलीच्या मठात लिहिलेल्या जुन्या ग्रंथात आहे. ईलीचा मठ याच ॲनाच्या मुलीने, संत एथेलड्रेडाने स्थापन केलेला. तेव्हा बापाची समाधी कुठे आहे हे तिथल्या साधूंना ठाऊक असणे स्वाभाविक होते. त्या काळात इथे लिहिता-वाचता येणारी माणसे होती याचा पुरावा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती आठव्या शतकाच्या सुमाराची, देवमाशाच्या हाडाची एक छोटी पाटी, मेण भरून त्यावर लिहायची. सापडली ती याच गावात. म्हणजे आजच्या इमारतीच्या आधी सातेकशे वर्षे इथे काही ना काही उपासनेचे ठिकाण असावे. संस्थापकाची जागा मात्र कोरीच ठेवावी लागते.

आजची इमारत पंधराव्या शतकातली. मनोरा तेवढा त्याहून जुना, चौदाव्या शतकाचा. गावात ऑगस्टिनियन संन्याशांचा एक छोटा मठ होता, एसेक्समधल्या सेंट ओसिथच्या मोठ्या मठाची शाखा. १४१२ साली चौथ्या हेन्री राजाने त्यांना देवळाची पुनर्बांधणी करायची परवानगी दिली आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षे काम चालले. पैसा लोकांचा. त्या काळच्या मृत्युपत्रांत वेदीला अमुक, छपराला तमुक असे दान लिहिलेले सापडते. आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात तीच रीत. गावचा जमीनदार जॉन हॉप्टन १४७८ साली वारला. त्याची संगमरवरी कबर वेदीजवळ आहे, पण तिच्यावरचे पितळी पत्रे कधीच उचकटून नेलेले. पूर्वेच्या मोठ्या खिडकीखाली, बाहेरच्या बाजूने, भिंतीत सुटी सुटी अक्षरे एका ओळीत बसवलेली आहेत. लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे असावीत आणि ‘येशू, पवित्र त्रैक्य, मरिया आणि संत ॲना यांच्या नावाने पुन्हा बांधले’ अशा अर्थाचे वाक्य त्यात दडले असावे, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. ही त्या देवळाची कोनशिला. आपल्या कोनशिलांवर मंत्रिमहोदयांची नावे देवापेक्षा मोठी असतात, इथे मानवाचे एकही नाव नाही, आणि म्हणून ती वाचायला शेकडो वर्षांनी कोडे सोडवल्यासारखे बसावे लागते.

सफोकमध्ये बांधकामाला योग्य दगड नाही. आहे ती गारगोटी. म्हणून भिंती गारगोटीच्या, आणि कोपरे व खिडक्यांच्या चौकटी बाहेरून आणलेल्या घडीव दगडाच्या. दलदलीच्या सपाट मुलखात हे देऊळ लांबूनच नजरेत भरते. भरतीच्या वेळी ब्लाइथ नदीचे पाणी पसरले की एखादे गलबत नांगर टाकून उभे असावे तसे दिसते. ‘दलदलीतले कॅथीड्रल’ हे त्याचे लाडके नाव त्यामुळेच. आत गेले की पहिली गोष्ट जाणवते ती उजेड. वरच्या भागात एकेका बाजूला १८ खिडक्या आहेत आणि बहुतेक काचा साध्या, बिनरंगी. मान वर केली की छपराच्या आडव्या तुळयांवर पाठीला पाठ लावून बसलेले लाकडी देवदूत दिसतात, एक पूर्वेकडे पाहतो, एक पश्चिमेकडे. पंख पसरलेले, हातात ढाली, अंगावर मूळच्या रंगाचे लाल-हिरवे पुसट कण. बरेच जण चेहरा गमावून बसले आहेत.

खाली बाकांच्या टोकांवर कोरलेली माणसे आहेत आणि खरे सांगायचे तर देवदूतांपेक्षा मला हीच जास्त आवडतात. आळस अंथरुणात पडून आहे. खादाडपणा पोट सावरत बसला आहे. लोभ पैशांच्या पेटीवर ठाण मांडून बसला आहे, उठायचे नाव नाही. चुगली जीभ बाहेर काढून बसली आहे. ढोंगीपणा हात जोडून प्रार्थना करतो आहे, पण डोळे उघडे. शेजारच्या बाकावर कोण बसले आहे ते बघत असावा. पाच-सहाशे वर्षे गावकरी या पापांच्या डोक्यावर हात टेकून उठत-बसत आले, त्यामुळे काहींची टाळकी झिजून गुळगुळीत झाली आहेत.

आता कुत्र्याकडे वळायचे, पण त्याआधी तो ज्या तुळईवर बसला त्या तुळईकडे.

मध्ययुगीन इंग्रजी देवळात मंडळी जिथे बसतात तो भाग आणि वेदीचा भाग यांच्यामध्ये एक मोठी तुळई असे आणि तिच्यावर क्रुसावरचा येशू, एका बाजूला मरिया आणि दुसऱ्या बाजूला योहान. उपासनेला बसलेल्या माणसाची नजर सतत तिथे. आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडले, १५३७ साली ब्लाइथबर्गचा मठ बंद झाला, त्याच्या जमिनी विकल्या गेल्या. हेन्रीच्या मुलाच्या राज्यात क्रूस उतरवले गेले, १५५३ नंतर मेरी राणीने जुना धर्म परत आणून ते पुन्हा चढवायला लावले, आणि एलिझाबेथ गादीवर येताच पुन्हा उतरवले. १५७७ साली साठीला आलेल्या माणसाने हे सगळे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले. वर क्रूस आहे की नाही, ते लंडनहून कळायचे.

त्या रविवारी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास वादळ आले. लंडनमध्ये राहणारा लेखक आणि भाषांतरकार अब्राहम फ्लेमिंग याने त्यावर लगेच एक पुस्तिका छापली. आधी बंगी गावच्या सेंट मेरी देवळात एक काळा कुत्रा, किंवा त्या रूपातला सैतान, विजेच्या लखलखाटात मंडळींमधून धावत गेला. गुडघे टेकून बसलेल्या दोघांच्या माना मुरगळल्या. तिसऱ्याच्या पाठीला असा काही स्पर्श केला की तो आगीत धरलेल्या चामड्यासारखा, नाडी ओढलेल्या बटव्यासारखा आक्रसला, पण जगला. मग तो ब्लाइथबर्गला आला आणि पूर्वी क्रूस ज्या तुळईवर होता, नेमका तिच्यावर जाऊन बसला. तिथून झेप घेऊन दोन पुरुष आणि एक मुलगा मारला, आणखी एकाचा हात भाजला.

जिथे येशू होता तिथे कुत्रा. हा तपशील फ्लेमिंगने मुद्दाम घातला की गावातून कोणी सांगितला, ते सांगता येणार नाही. पण गोष्ट रचणाऱ्याला आपल्या श्रोत्यांची नजर वर कुठे जाते ते पक्के माहीत होते. रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही.

दुसरी हकिकत हॉलिन्शेडच्या बखरीत आहे. शेक्सपिअरने जिच्यातून आपल्या राजांच्या कथा उचलल्या तीच बखर, १५८७ ची आवृत्ती. तिच्यात धर्मोपदेशक शास्त्रपाठातला दुसरा उतारा वाचत असताना वीज भिंत फोडून आत शिरते, जमिनीत जवळजवळ यार्डभर खोल जाते, त्या बाजूच्या विसाहून अधिक माणसांना खाली पाडते, दार चिरते, मनोऱ्याची लाकडे फाडते, घंटांचे यंत्र मोडते आणि बंगीच्या दिशेने निघून जाते. अर्ध्या तासाने पाहिले तेव्हा माणसे अजून जमिनीवर पडलेली. चाळिशी उलटलेला एक माणूस आणि १५ वर्षांचा मुलगा जागीच मेलेले, बाकीचे होरपळलेले. कुत्रा नाही. बळी दोन, तीन नव्हेत. प्रवासाची दिशासुद्धा उलटी. बंगी सहा मैलांवर म्हटले आहे, प्रत्यक्षात ते त्याहून बरेच लांब. बंगीच्या देवळाच्या स्वतःच्या दप्तरात त्या रविवारी प्रार्थनेच्या वेळी घंटाघरात दोन माणसे वादळात दगावल्याची नोंद आहे. तिथेही कुत्रा नाही.

गंमत अशी, की १५८७ ची ती आवृत्ती ज्यांनी संपादित केली त्यांच्यातला मुख्य माणूस अब्राहम फ्लेमिंगच. दहा वर्षांपूर्वी पुस्तिकेत सोडलेला कुत्रा त्याने बखरीत काही शिरू दिला नाही. चार पैशांची पुस्तिका वेगळी आणि राज्याची बखर वेगळी, एवढे तारतम्य त्याला होते. ‘शक’ हे नावही १५७७ चे नाही. पूर्व अँग्लियाच्या बोलीत ते होते, जुन्या इंग्रजीतल्या भूतवाचक शब्दाशी त्याचे नाते जोडतात, पण या किनाऱ्याच्या काळ्या कुत्र्याला त्या नावाने छापील कागदावर आणले ते एका पाद्रीबुवांनी, १८५० साली. मग ही दोन वेगवेगळी कुत्री लोकांच्या बोलण्यात एक झाली. आज बंगीच्या चौकातल्या वाऱ्याच्या दिशादर्शकावर कुत्रा आहे, गावच्या मानचिन्हात कुत्रा आहे, आणि जवळच्या लोवेस्टॉफ्ट गावच्या ‘द डार्कनेस’ या रॉक बँडच्या २००३ च्या पहिल्या अल्बमची सुरुवातच ‘ब्लॅक शक’ नावाच्या गाण्याने होते.

आणि दारावरचे डाग? ते १९३३ साली दार साफ केले तेव्हा उजेडात आले. म्हणजे साडेतीनशे वर्षे गोष्ट डागांशिवाय चालली होती, डाग नंतर येऊन गोष्टीला चिकटले. इंग्लंडभर जुन्या घरांच्या तुळयांवर, दारांच्या चौकटींवर, गोठ्यांत असे ज्योतीच्या आकाराचे जळके डाग शेकड्यांनी सापडतात. मेणबत्ती चुकून कलंडली तर असा डाग पडत नाही. वात तिरपी धरून काही मिनिटे एकाच जागी रोखून ठेवावी लागते, तेव्हा तो आकार उमटतो, हे अभ्यासकांनी स्वतः करून पाहिले आहे. आगीपासून आणि विजेपासून राखण व्हावी म्हणून लोक लाकडाला अशी थोडी आग आधीच देऊन ठेवत, असा त्यांचा तर्क आहे. देवी काढण्याच्या लशीसारखाच हा प्रकार. तो तर्क इथे लागू पडत असेल, तर सैतानाचे म्हणून दाखवले जाणारे ठसे सैतानाला बाहेर ठेवण्यासाठी कुणा गावकऱ्याने, हातात मेणवात धरून, मन लावून उमटवलेले आहेत.

कुत्र्यानंतर या देवळाच्या इतिहासात दुसरा खलनायक येतो, त्याचे नाव विल्यम डाउझिंग. हा सफोकमधल्याच लॅक्सफील्डचा. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवीत, १६४३ च्या डिसेंबरात, पार्लमेंटचा सरदार अर्ल ऑफ मँचेस्टर याने त्याला देवळांतून मूर्ती आणि चित्रे काढून टाकण्याच्या कामावर नेमले. हा माणूस मोठा शिस्तीचा. रोज कुठे गेलो, काय फोडले, किती फोडले, याची डायरी ठेवायचा आणि प्रत्येक देवळाकडून साधारण ६ शिलिंग ८ पेन्स फी घ्यायचा. तुमचेच देऊळ फोडायचे आणि मजुरीही तुम्हीच द्यायची. १६४४ च्या एप्रिलात तो ब्लाइथबर्गला आला. डायरीतला हिशेब असा: २० ‘अंधश्रद्ध’ चित्रे, त्यातले एक देवळाबाहेर, दोन क्रूस, एक दारमंडपावर आणि एक मनोऱ्यावर, मृतांसाठी प्रार्थना करा अशी विनंती करणारे तीन लेख त्याने फोडले, आणखी दोनशेहून अधिक चित्रे आठ दिवसांत काढण्याचा हुकूम, आणि २० देवदूत खाली उतरवावेत.

चित्रे गेली. रंगीत काचा गेल्या, म्हणून आज इतका उजेड आहे. बाप्तिस्म्याच्या कुंडावरची शिल्पे तासून सपाट झालेली दिसतात, ती त्याच्या माणसांनी तासली की त्याच्या आधीच्या कुणी, हे कुंडाकडे बघून कळत नाही. देवदूत मात्र वरच आहेत. आठ दिवस गेले, आठ वर्षे गेली, पावणेचारशे वर्षे गेली. वर इतक्या उंचीवर शिडी लावायची कुणी आणि तिचा खर्च कुणी द्यायचा, या प्रश्नावर काम अडले असावे असा माझा अंदाज. सरकारी हुकुमाला तोंडावर ‘होय साहेब’ म्हणायचे आणि फाईल ठेवून द्यायची, हे कौशल्य फक्त आपल्याकडेच आहे असे समजण्याचे कारण नाही.

गावाने मात्र देवदूतांच्या अंगातली भोके डाउझिंगच्या नावावर जमा केली. त्याच्या सैनिकांनी उतरवता येईनात म्हणून खालून गोळ्या झाडल्या, खांबांना लोखंडी कड्या ठोकून घोडे आत बांधले, त्यांच्या टापांनी विटांची फरशी फुटली, असे पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले. १९७४ च्या दुरुस्तीत लाकडातून शिशाचे छर्रे काढले तेव्हा ते अठराव्या शतकातल्या बनावटीचे निघाले. मग देवळाच्या जुन्या हिशेबाच्या वह्या उघडल्या. १७६१ च्या हिशेबात खर्च मांडला आहे: देवळात घरटी करणारे जॅकडॉ, म्हणजे छोटे करड्या मानेचे कावळे, मारायला माणसांना दिलेले पैसे.

थोडक्यात, देवळाच्या विश्वस्तांनीच, देवळाच्या पैशाने, बंदूकवाले बोलावून देवळात गोळीबार करवला होता. तिरपे नेम, कावळा उडाला की छर्रा देवदूताच्या गालात. आणि मग नव्वदेक वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या नावावर बिल फाडले. डाउझिंगची बाजू घेण्याची मला हौस नाही, त्याने इथले जे नेले ते परत येणार नाही. पण दोनशे वर्षे त्याच्यावर जो आळ होता, तो त्याचा नव्हता. मला तर ही १७६१ ची नोंद काळ्या कुत्र्यापेक्षा जास्त भुताटकीची वाटते. डोळ्यांसमोर ते दृश्य आणून पाहा: बंद देऊळ, बंदुकीच्या दारूचा धूर, कावकाव, आणि वरून भुरभुर पडणारा सोनेरी-लाल रंगाचा भुगा.

तिसरी गोष्ट टोबायस गिलची. ती देवळाच्या आवाराबाहेरची, पण गावाच्या भुतांमध्ये त्याचा मान दुसरा. १७५० साली चोरट्या मालाच्या बंदोबस्तासाठी या किनाऱ्यावर सर रॉबर्ट रिच यांच्या घोडदळाची तुकडी होती. तिच्यातला नगारची टोबायस गिल हा कृष्णवर्णीय. वॉल्बर्सविकची एक तरुणी माळावर मेलेली सापडली आणि शेजारी हा दारू पिऊन झोपलेला. शेवटपर्यंत तो ‘मी मारले नाही’ म्हणत राहिला. बरी सेंट एडमंड्सच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि त्याच माळाजवळ फासावर चढवून प्रेत साखळदंडात टांगून ठेवले. त्या माळाला आजही ‘टोबीज वॉक्स’ म्हणतात. रात्री बिनडोक्याच्या घोड्यांची गाडी हाकत तो जातो म्हणे, कुणाला नगाराही ऐकू येतो. निकालाबद्दल पुढे लोकांच्याच मनात शंका आली. गोष्टीत तो भूत झाला हेच एक प्रकारे त्या शंकेचे लक्षण आहे, कारण शांत मेलेल्या माणसाला लोक असे रात्री फिरवत नाहीत.

मधल्या काळात गावाची उतरती कळा चालूच होती. नदी गाळाने भरली, मोठी जहाजे येईनाशी झाली, १६७६ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला. मठ गेल्यापासून दशांशाचे उत्पन्न जमीनदारांच्या खिशात, आणि देवळात नेमलेल्या धर्मोपदेशकाला जेमतेम पोटापुरते. वेदीच्या भागाची दुरुस्ती उत्पन्न घेणाऱ्याने करायची, मंडळींच्या भागाची मंडळींनी, असा कायदा. एकाची इच्छा नाही आणि दुसऱ्याची ऐपत नाही. खिडक्या फुटल्या की काच महाग म्हणून विटांनी बुजवल्या. हॉप्टनच्या दानातून उभ्या राहिलेल्या भागात एके काळी शाळा भरायची. लाकडी बैठकांच्या फळ्यांना दौतीसाठी पाडलेली भोके अजून आहेत, आणि एका डच पोराने १६६५ साली कोरलेले स्वतःचे नावही. एकोणिसाव्या शतकात पावसाळी रविवारी मंडळी छत्र्या उघडून उपासनेला बसत, असे सांगतात. १८८१ साली इमारत धोकादायक ठरून बंदच करावी लागली.

पुढची पंचवीस वर्षे दुरुस्तीइतकीच भांडणातही गेली. कवी, कारागीर आणि समाजवादी विल्यम मॉरिसने १८७७ साली जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली होती. तिचे म्हणणे साधे: गळते तिथे बुजवा, पडते तिथे टेकू द्या, पण जुने दिसावे म्हणून नवे बनवू नका. गावच्या धर्मोपदेशकाला आणि समितीला पक्के छप्पर आणि शोभिवंत खिडक्या हव्या होत्या, आणि लोकांकडून पैसा मागायचा तर काही देखणे दाखवायला लागते ही त्यांची अडचणही खोटी नव्हती. मॉरिस १८९५ साली स्वतः येऊन पाहून गेला. पत्रे झडली, तज्ज्ञ आले, एकमेकांना अडाणी म्हणून झाले. शेवटी जे घडले ते बऱ्याच अंशी गरिबीमुळे मॉरिसच्या मनासारखे घडले: सगळे नव्याने करायला पैसाच नव्हता. म्हणून आज फरशी खडबडीत आहे, खांब कलते आहेत, छपरावरचा रंग पंधराव्या शतकातला आहे. सफोकमधली कितीतरी श्रीमंत देवळे व्हिक्टोरियन काळात नवीकोरी झाली आणि त्यांची पार रया गेली.

१२ ऑगस्ट १९४४ च्या संध्याकाळी ब्लाइथबर्गच्या आभाळात पुन्हा एकदा आगडोंब उसळला. नॉरफोकमधल्या फर्सफील्डच्या तळावरून अमेरिकन नौदलाचे एक लिबरेटर विमान निघाले होते, आत साडेनऊ टनांहून अधिक स्फोटके. दोन वैमानिकांनी ते हवेत चढवून छत्रीने उड्या घ्यायच्या आणि पुढे ते रेडिओने हाकत फ्रान्समधल्या मिमोयेकच्या जर्मन तोफतळावर नेऊन आदळायचे, अशी योजना. उडी मारायच्या आधीच ते गावाजवळच्या रानावर फुटले. आजूबाजूच्या घरांची नासधूस झाली, वैमानिकांचे देह सापडले नाहीत. त्यातला एक विल्फर्ड विली आणि दुसरा जोसेफ केनेडी, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींचा थोरला भाऊ. या गोष्टीत कुत्रा नाही. रेडिओ, रडार आणि युद्धखात्याची गुप्त फाईल असलेल्या जगात आभाळ फाटले, तर त्याचे कारण शोधायला माणसे आता वरच्या तुळईकडे बघत नाहीत.

१९६९ च्या जूनमध्ये स्नेप गावचे संगीतगृह, ऑल्डबर्ग संगीत महोत्सवाच्या पहिल्याच रात्री, जळून खाक झाले. महोत्सव चालवणारे संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी कार्यक्रम रद्द केले नाहीत, आजूबाजूच्या देवळांत हलवले. मोत्सार्टचा ‘इडोमेनेओ’ हा ऑपेरा ब्लाइथबर्गला आला. वादळ, समुद्र आणि किनाऱ्यावर येणारा राक्षस असलेली ती कथा या छपराखाली गायली गेली, हा योगायोग कोणी ठरवून आणलेला नव्हता. देवळातल्या मैफिलींचा दुरुस्तीच्या निधीला मोठा आधार झाला.

गावाची वस्ती आज तीनेकशे. लंडनकडून उत्तरेला जाणारा ए-१२ महामार्ग गावाला चिरत जातो, गाडीतून देऊळ दिसते आणि लोक थांबतात. थांबतात ते बहुतेक दारासाठी. डाग कुठे आहेत ते आल्या आल्या विचारतात. दाराला बोट लावून, फोटो काढून झाला की मान वर करतात आणि मग बराच वेळ खाली करत नाहीत.

वेदीच्या बाजूला भिंतीलगत चिलखत घातलेला एक लाकडी शिपाई उभा आहे, सतराव्या शतकातला, ‘जॅक ऑफ द क्लॉक’. एके काळी तो घड्याळाचे ठोके द्यायचा. घड्याळाची ती नोकरी आता नाही, पण घंटा अजून त्याच्याच हाताखाली आहे. रविवारी मंडळी जमली की कोणीतरी दोरी ओढतो, शिपायाचा हात हलतो, एक ठोका पडतो, आणि लोक उठून उभे राहतात.